तळ्याच्या तोंडचा बर्फ

बांध फोडून दोन दिवस झाले होते आणि मी घरात त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. काढणार तरी कुणापाशी? नवरा, कुआनिश, तेलाच्या विहिरींवर कामाला. पंधरा दिवस तिकडे, पंधरा दिवस घरी, आणि हे पंधरा दिवस तिकडचे होते. घरात मी आणि माझे सासरे. सासऱ्यांचं नाव सुनेने घ्यायचं नसतं, म्हणून इथेही घेत नाही. मी त्यांना मामंजी म्हणते, तेही मनातल्या मनात. कारण लग्नाला अकरा वर्षं झाली तरी मी त्यांच्याशी सरळ अशी बोललेच नव्हते.

सुनेने सासऱ्यासमोर आवाज चढवायचा नाही, ही रीत. आमच्या घरात ती जरा जास्तच मुरली होती. काही सांगायचं असलं की मी सासूबाईंच्या कानाशी लागायची, त्या मामंजींना सांगायच्या, आणि उत्तर त्याच वाटेने परत यायचं. मामंजी चार हातांवर बसलेले असले तरी.

"हिला विचार, मीठ संपलंय का?" ते म्हणायचे.

"त्यांना सांगा, संपलंय," मी पुटपुटायची.

"मी काय टपाल कचेरी आहे?" सासूबाई करवादायच्या. "अगं तोक्झान, मी एक दिवस डोळे मिटीन आणि तुम्ही दोघं अळणी जेवत बसाल."

ऑक्टोबरात त्यांनी खरंच डोळे मिटले. तेव्हापासून आमच्या घरात चहा ओतल्याचा आवाज तेवढा उरला. मी जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर पेला ठेवायची, ते उचलायचे. पुन्हा हवा असला की पेला माझ्याकडे सरकवायचे, नको असला की आडवा ठेवायचे. मीठ संपलं की मी रिकामा डबा त्यांच्या टोपीशेजारी ठेवायची. तीन महिने असे काढले आम्ही. हसू येतं आता, पण तेव्हा यायचं नाही.

बांध होता तो तळ्याच्या तोंडाशी. आमचं शेंगेल तळं लांबट आहे आणि त्याच्या वरच्या टोकाला एक ओढा त्याला सिर नदीशी जोडतो. थंडी लागली की साझान, म्हणजे ज्याच्यावर आमच्या गावाची चूल पेटते तो मोठा मासा, या ओढ्याने नदीच्या खोल डोहांत उतरतो. वसंतात पुराच्या पाण्याबरोबर परत येतो आणि काठच्या उंच पाणगवतात, आमच्या बोरूत, अंडी घालतो. काही तर पार अराल समुद्रापर्यंत जातात. माझे वडील मत्स्यकेंद्रात होते. माशांच्या पाठीत नंबराची बारकी पट्टी खोचून ते त्यांना सोडून द्यायचे. शेंगेलमध्ये सोडलेला एक साझान दुसऱ्या वर्षी अरालच्या खाऱ्या पाण्यात सापडला, आणि तिकडे सोडलेला एक आमच्या बोरूत. वडील ते नंबर मला वाचून दाखवायचे. एखाद्या तळ्यातले सगळे मासे दुष्काळात मेले तरी नदीतून नवे येतात, असं ते सांगायचे. फक्त वाट उघडी पाहिजे.

मामंजींना हे पटणं शक्य नव्हतं. त्यांच्या लहानपणी समुद्र घराच्या ओट्याशी होता. मिसरूड फुटेपर्यंत तो नजरेपलीकडे गेला, आणि त्यांच्या वडिलांची होडी वाळूत राहिली. तेव्हापासून हातातलं काही सोडायचं नाही, एवढंच त्यांना कळतं. गेल्या शरदात नदी उतरली आणि गावात ओरड झाली की सगळा साझान पळणार. मामंजींनी चार माणसं घेतली, ओढ्याच्या तोंडाशी विलोच्या झाडाचे खुंट ठोकले, बोरूच्या चटया बांधल्या, वर माती लोटली. मासे आत, नदी बाहेर. मी सासूबाईंमार्फत म्हटलं, की तळं उथळ आहे, कडक हिवाळा आला तर कोंडलेले मासे गुदमरतील. त्यांच्यामार्फत मामंजींचं उत्तर आलं.

"हिला सांग, गेलेलं परत येतं असं मी सत्तर वर्षांत पाहिलेलं नाही."

सासूबाईंनी पोचवलेला तो शेवटचा निरोप.

हिवाळा कडकच आला. बर्फ हातभर जाड झाला, वर हिम साचलं, खालचा उजेड बंद. बर्फाला भोकं पाडून, ती गोठू नयेत म्हणून आम्ही त्यांत बोरूच्या पेंढ्या उभ्या खोचतो. पेंढीतून पाण्याला थोडी हवा मिळते. जानेवारीच्या मध्यावर मी एक पेंढी उपसली तर भोकाच्या तोंडाशी पाणकिडे दाटीवाटीने चढलेले. चार दिवसांनी बारीक मासळी, तोंडं वर करून. मग सडक्या अंड्यांचा वास. साझान सगळ्यात शेवटी वर येतो, आणि तो वर आला की समजायचं, संपलं.

मामंजी एका श्राद्धाच्या जेवणाला पलीकडच्या गावी गेले होते त्या दुपारी मी पहार आणि फावडं घेऊन ओढ्यावर गेले. हिवाळ्यात वरच्या धरणांचं पाणी सुटतं, त्यामुळे नदी तळ्यापेक्षा चांगली वर होती. माती गोठून दगड झाली होती. तीन तास लागले. चटई फाटली तशी नदीचं पाणी काळंभोर उसळून तळ्याच्या बर्फाखाली घुसलं, आणि मी तिथे उभी राहून रडले. आनंदाने रडले, खोटं कशाला सांगू?

पण एक गोष्ट मी केली नाही. पाणी वाहतं झालं की वरचा बर्फ पातळ होतो, म्हणून आमच्यात जो कुणी ओढा उघडतो तो आधी तिथे बोरूचे दांडे उभे करतो आणि त्यांना लाल चिंध्या बांधतो. हे लहान मुलंही जाणतात. मी चिंध्या बांधल्या नाहीत. चिंध्या दिसल्या असत्या तर बांध फुटल्याचं मामंजींना गावभरातून कळलं असतं, आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी तो बुजवला असता. मी स्वतःला सांगितलं, चार दिवस जाऊ देत, मासे तगू देत, मग बांधू. भर हिवाळ्यात तिकडे जातंय कोण?

तिसऱ्या दिवशी सकाळी थंडी एकदम मोडली आणि तळ्यावर धुकं उतरलं. मी गाईचं दूध काढून बाहेर आले. गोठ्यात तोरी घोडा नव्हता. घसरगाडीही नव्हती. हिमावर तिच्या दोन रेघा अंगणातून निघून तळ्याकडे गेल्या होत्या.

माझ्या हातातली बादली खाली पडली.

शेजारची म्हातारी बाल्झिया कुंपणाशी राख टाकत होती. मी तिच्याकडे धावले.

"आजी, मामंजी कुठे गेले?"

"मला काय विचारतेस? तुझा सासरा, तुझं घर." तिने मला निरखलं. "ओढ्याच्या तोंडाकडे गेला. मी म्हटलं, एवढ्या धुक्यात कुठे, नवी बायको बघायला? तर म्हणतो, पाणी बघायला. अगं, तू पांढरीफटक का पडलीस?"

"किती वेळ झाला?"

"चहाचे दोन पेले होतील एवढा. झालंय काय, केलिन?"

केलिन म्हणजे सून; गावात मला याच नावाने हाक मारतात. मी तिला काही सांगितलं नाही. तेव्हाही नाही! फक्त म्हटलं, "आजी, बादली बडवत राहा. जोरात. थांबू नका." धुक्यात माणसं हरवली की आम्ही किनाऱ्यावर बादली बडवतो. मग मी भिंतीवरून दोर ओढला, जाळं बर्फाखालून सरकवायचा लांब वासा खांद्यावर टाकला आणि पळत सुटले. मामंजींचा फोन दाराशी त्यांच्या जुन्या कोटाच्या खिशात होता. नेहमी तिथेच असतो.

घसरगाडीची वाट बोरूच्या बेटाला वळसा घालून जाते. मी बेटातून आडवी घुसले. बोरू तोंडावर फटकारत होता, वासा अडकत होता, आणि माझ्या डोक्यात एकच हिशोब चालू होता. नदीचं पाणी तीन दिवस आत येतंय. गुदमरलेला मासा ताज्या पाण्याकडे धावतो. तळ्यातला सगळा मासा आता तोंडाशी गोळा झाला असणार. हजारो मासे एका जागी वळवळत राहिले की पाणी स्थिर राहत नाही, आणि बर्फ खालून झिजत जातो. वरून तो तसाच दिसतो. पांढरा, भक्कम, हिमाने झाकलेला. मामंजींनी पन्नास वर्षं त्याच जागेवरून घोडा नेलाय. ते पाऊलही चाचपणार नाहीत.

माणूस मारायला मी आणखी काय करायला हवं होतं?

बेटाच्या पलीकडे आले तेव्हा धुकं इतकं दाट होतं की वाशाचं पुढचं टोक दिसेना. मागे लांब बादली वाजत होती. मी श्वास धरून ऐकलं. पुढे, डाव्या हाताला, नालांचा आवाज. टक, टक, सावकाश. घोडा चालीवर होता. मला हायसं वाटलं, मी छातीभर श्वास घेतला आणि ओरडले.

"थांबा! अहो थांबा! पुढे जाऊ नका!"

नाल क्षणभर थांबले. आणि मग चाबकाचा फटका ऐकू आला. घोडा दुडक्या चालीने पुढे निघाला.

मला काही कळेचना. मी पुन्हा ओरडले, जीव तोडून, "थांबा! मागे फिरा!" दुसरा फटका. नाल आणखी वेगात.

आणि मग कळलं. आमच्या कोळ्यांना आईच्या दुधाबरोबर शिकवलेलं असतं: धुक्यात मागून अनोळखी बाईचा आवाज आला तर ती सूपेरी, पाण्यातली बाई. ती थांबा म्हणते, मागे फिरा म्हणते. ओ द्यायची नाही, वळायचं नाही, घोडा हाकायचा. मामंजींचा चुलता असाच मागे वळला आणि परत आला नाही म्हणतात. आणि माझा आवाज त्यांना अनोळखीच होता! अकरा वर्षं एका छपराखाली राहून त्यांनी माझं पुटपुटणं ऐकलं होतं. मी ओरडते कशी, हे त्यांना माहीतच नव्हतं. मी जितकी ओरडत होते तितकी त्यांना त्या बर्फाकडे ढकलत होते.

मी गप्प झाले. गप्प राहावं तर ते तोंडाशी पोचतात. ओरडावं तर लवकर पोचतात. माझ्या तोंडातून नुसता कण्हण्याचा आवाज येत होता. घरच्यांची नावं, घराची खूण, काय सांगू? सूपेरीला सगळ्यांची नावं ठाऊक असतात. जे मी सोडून कुणालाच ठाऊक नाही असं माझ्याजवळ एकच होतं, आणि ते मी तीन दिवस दातांखाली दाबून ठेवलं होतं.

"बांध मी फोडला!" मी किंचाळले. "मामंजी, बांध मी फोडला! मंगळवारी, तुम्ही जेवायला गेला होतात तेव्हा! घरच्या पहारीने फोडला! चिंध्या बांधल्या नाहीत! तुम्ही बुजवाल म्हणून बांधल्या नाहीत! खाली पाणी वाहतंय! मी तोक्झान, मामंजी, मी तुमची सून!"

नाल थांबले.

धुक्यातून त्यांचा आवाज आला, कोरडा आणि हळू. "कुठल्या बाजूने फोडलास?"

"उजव्या! विलोच्या झाडांच्या बाजूने!"

"हं," ते म्हणाले. मग घोड्याला, "मागे, तोरी, मागे, बाळा..."

त्याच क्षणी बर्फ बोलला. लांबच लांब, तळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग एक धप्प आवाज आणि घोड्याचं ओरडणं. ते ओरडणं मी इथे लिहिणार नाही.

मी धावले, मग पायाखाली बर्फ लवला तशी पोटावर पडले आणि वासा पुढे ढकलत सरपटले. आधी घसरगाडी दिसली, जाड बर्फावर तिरकी उभी. मामंजींनी सुरीने घोड्याचे पट्टे कापले होते, म्हणून ती वाचली. तिच्यापुढे काळं पाणी. तोरी दिसत नव्हता. पाण्याच्या काठावर मामंजी छातीपर्यंत बर्फावर, कमरेखाली पाण्यात, दोन्ही हात पसरून पालथे पडले होते. टोपी गेली होती.

"पुढे येऊ नकोस," ते म्हणाले.

मी पुढे गेले.

"ऐकू येत नाही का तुला? दोघं जाऊ!"

"तुम्ही बोलू नका!" मी म्हटलं. "वासा धरा!"

माझ्या पोटाखालचं हिम बाजूला झालं होतं आणि बर्फ काचेसारखा उघडा पडला होता. मी खाली पाहिलं. साझान. एकाला एक लागून, थरावर थर, सगळ्यांची तोंडं ओढ्याकडे. कल्ले उघडझाप करत होते. माझ्या आणि त्यांच्यामध्ये चार बोटं बर्फ होता आणि त्यांच्या पाठी घासल्याचं मला पोटाला जाणवत होतं. तीन महिने मला ते जगायला हवे होते. त्या वेळी मात्र मला त्यांची इतकी भीती वाटली की मी डोळे मिटून घेतले.

मामंजींनी वासा काखेत घेतला. मी दोराचं टोक वाशाला आधीच बांधलं होतं. दुसरं टोक घसरगाडीला बांधलं, गाडीला पाय लावले आणि ओढलं. दोनदा कड तुटली. तिसऱ्यांदा ते वर आले, लोळत, मोठमोठ्याने धापा टाकत, पाय ताठ झालेले. आम्ही दोघं सरपटत मागे आलो, बेटाच्या कडेच्या घट्ट बर्फापर्यंत. गाडीही दोराने मागोमाग ओढली.

त्यांचे दात वाजत होते. मी माझा कोट त्यांच्या कमरेला गुंडाळला आणि गाडीवरचा लोकरीच्या नमद्याचा जाड तुकडा घ्यायला गेले. नमदा उचलला. खाली पहार होती. फावडं होतं. कुऱ्हाड होती, नुकती धार लावलेली.

मी तशीच उभी राहिले.

"परवा भोकाशी वास घेतला," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "दोन रात्री डोळा लागला नाही. म्हटलं, आज जाऊन उघडून टाकू."

"मग सांगितलं का नाही?" माझा आवाज फाटला. "मी सांगितलं असतं ना, की उघडलाय! घोडा गेला! तुम्ही जात होतात! एक शब्द, मामंजी, चहा पिता पिता नुसता एक शब्द!"

"कुणाकरवी सांगणार होतो?" ते म्हणाले. "आणि तू का नाही सांगितलंस?"

मी नमदा त्यांच्या खांद्यावर टाकला आणि त्यांच्या दाढीतला बर्फ हाताने झटकला. अकरा वर्षांत मी त्यांना हातही लावला नव्हता.

त्यांनी काळ्या पाण्याच्या दिशेने एकदा पाहिलं. तोरी अठरा वर्षांचा होता. कुआनिशच्या लग्नात तोच वरातीला होता. मग तोंड फिरवून ते उठले. पाय चालत राहिले नाहीत तर जातील, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. गाडी तिथेच सोडली. बाल्झिया आजीची बादली लांब वाजत होती आणि आम्ही त्या आवाजाकडे निघालो. मामंजी वाशाने बर्फ ठोकत पुढे, मी त्यांच्या पावलांत पावलं टाकत मागे. धुकं इतकं की चार पावलांवर त्यांची पाठ दिसेनाशी व्हायची. प्रत्येक वेळी ती दिसेनाशी झाली की मला वाटायचं, गेले.

त्यांनाही तसंच वाटत असावं. ते थांबले.

"बोलत चल," मागे न वळता ते म्हणाले.

"काय बोलू?"

"काहीही. तू मागे आहेस हे मला कळलं पाहिजे. तुझा आवाज मला अजून ओळखता येत नाही."

मी चार पावलं चालले, आठ चालले. शेवटी जे होतं तेच तोंडून आलं, पुटपुटत, सवयीने.

"मला फार भीती वाटली, मामंजी."

"मोठ्याने," ते म्हणाले.